८६६ मेगाहर्ट्झचा आटोपशीर ब्रँच-लाइन कपलर : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

आज प्रकल्पाची वही उघडली. वस्तूंवर चिकटवलेले टॅग रेडिओ लहरींनी ओळखणाऱ्या, हातात धरून वापरायच्या आरएफआयडी वाचकासाठी ९० अंशांचा हायब्रिड कपलर करायचा आहे. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. प्रेषकाची कमाल शक्ती १ वॉट आणि एका वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ ही त्याची मर्यादा आहे. टोलनाक्यावरचा फास्टॅगही याच पट्ट्यात वाचला जातो.

कपलर लागतो तो वर्तुळाकार ध्रुवीकरणासाठी. खोक्यावर चिकटवलेला टॅग आडवा असेल की उभा हे आपल्याला आधी ठाऊक नसते, आणि रेषीय ध्रुवीकरणाचा अँटेना त्याच्याशी काटकोनात आला तर टॅग जणू नाहीसाच होतो. म्हणून पॅच अँटेनाच्या दोन लंब कडांना सारख्याच शक्तीचे, पण एकमेकांपासून ९० अंश कलांतराचे दोन संकेत द्यावे लागतात. ब्रँच-लाइन कपलर नेमके हेच काम करतो, तेही केवळ तांब्याच्या चार पट्ट्यांच्या चौकोनाने.

अडचण आकाराची आहे. अँटेनाच्या मागे बॅटरी आणि मुख्य बोर्ड बसवल्यावर कपलरसाठी ४५ मिमी बाजूचा चौरस उरतो. बोर्ड १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ चाच, म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीच्या नेहमीच्या स्वस्त लॅमिनेटचाच, असावा, असे सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, कारण महाग लॅमिनेट वापरले तर वाचकाची किंमत परवडणार नाही. अट योग्यच आहे, मात्र पुढच्या बहुतेक अडचणी या एका वाक्यातून येणार आहेत, अशी मला शंका आहे.

१२ जून

नेहमीच्या कपलरचे गणित आधी मांडले. चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या भुजा ३५.४ ओहम इंपीडन्सच्या (लहरीला पट्टीत जाणवणाऱ्या विरोधाच्या) आणि उरलेल्या दोन ५० ओहमच्या असतात, आणि प्रत्येक भुजा पाव तरंगलांबीची असते. लॅमिनेटचा परावैद्युत स्थिरांक (तो जितका मोठा तितकी पट्टीतली लहर आखूड) ४.४ धरल्यास ५० ओहमची पट्टी ३.०६ मिमी रुंद येते आणि तिची पाव तरंगलांबी ४७.४ मिमी भरते. ३५.४ ओहमची पट्टी ५.२ मिमी रुंद आणि ४६.४ मिमी लांब येते. बाहेरून मोजल्यास सगळा चौकोन साधारण ५० बाय ५३ मिमी होतो, म्हणजे दिलेल्या जागेत तो बसत नाही, आणि जोडण्यांसाठी लागणारी जागा तर अजून धरलेलीच नाही.

सममितीचा फायदा घेऊन परिपथ सोप्या अर्ध्यांत सोडवणाऱ्या सम-विषम विश्लेषणाची १९५६ मधली रीड आणि व्हीलर यांची पद्धत पुन्हा एकदा हाताने करून पाहिली. संगणकावर ते दोन मिनिटांचे काम आहे, पण हाताने केल्यावर कोणत्या संख्येवर काय अवलंबून आहे ते डोक्यात बसते.

आकार कमी करण्याची जी रीत निवडली आहे ती १९९० मध्ये हिरोता, मिनाकावा आणि मुरागुची यांनी मांडली. पाव तरंगलांबीच्या पट्टीऐवजी तिच्याहून आखूड, पण जास्त इंपीडन्सची पट्टी घ्यायची आणि तिच्या दोन्ही टोकांना जमिनीकडे, म्हणजे बोर्डाच्या खालच्या बाजूच्या तांब्याकडे, जाणारा कपॅसिटर लावायचा. ९० अंशांऐवजी ४५ अंशांची पट्टी घेतली तर ५० ओहमच्या जागी ७०.७ ओहम येतात आणि ३५.४ च्या जागी ५० ओहम. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर दोन भुजांचे कपॅसिटर एकत्र येतात, त्यांची बेरीज ८६६ मेगाहर्ट्झला ६.२७ पिकोफॅरड होते. चौकोनाचे क्षेत्रफळ मूळच्या जेमतेम २६ टक्के उरते. कागदावर हे फारच सुरेख दिसते.

१३ जून

रात्री झोपताना लक्षात आले की हे ६.२७ पिकोफॅरड ठेवायचे कुठे याचा विचारच केलेला नाही. बोर्डावरच्या तांब्याचाच कपॅसिटर करायचा म्हटले तर १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ वर एका चौरस मिलिमीटरला जेमतेम ०.०२४ पिकोफॅरड मिळतात. म्हणजे एका कोपऱ्यासाठी सुमारे २५७ चौरस मिमी तांबे लागते आणि चार कोपऱ्यांसाठी हजारावर. आखूड झालेल्या चौकोनाचे सगळे क्षेत्रफळच ५७६ चौरस मिमी आहे. घर लहान केले आणि सामान मात्र तेवढेच राहिले, असा हा प्रकार आहे.

म्हणून दोन वाटांनी जायचे ठरवले. पहिल्या रूपात ४५ अंशांच्या भुजा आणि कोपऱ्यांवर बाजारात मिळणारे चिप कपॅसिटर असतील. दुसऱ्या रूपात ६० अंशांच्या भुजा घेऊन कपॅसिटन्सची गरज ४.४४ पिकोफॅरडवर आणायची आणि तो चौकोनाच्या पोटातल्या रिकाम्या जागेत उघड्या टोकाच्या रुंद पट्ट्यांनी, म्हणजे स्टबने, मिळवायचा. दुसऱ्या रूपाचे क्षेत्रफळ मूळच्या ४५ टक्के होईल. ते पहिल्याइतके लहान नसेल, पण त्यात एकही सुटा भाग लागणार नाही.

१९ जून

कोणताही कपलर करण्यापूर्वी ४.४ हा आकडा खरा आहे का ते पाहणे भाग होते. भोसरीच्या ज्या कारखान्याकडून बोर्ड करून घेणार आहोत, त्यांच्याकडून त्याच लॅमिनेटचा कोरा तुकडा मागवला आणि प्रयोगशाळेतच फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग केले. ५० ओहमच्या सरळ पट्टीच्या मध्यावर ४७.४ मिमी लांबीचा उघडा स्टब काढला. हा स्टब ज्या वारंवारतेला पाव तरंगलांबीचा होतो तिथे तो सरळ पट्टीला जवळजवळ जमिनीला टेकवतो, आणि पारेषणाच्या आलेखात खोल खड्डा दिसतो. तो खड्डा ८६६ ला असायला हवा होता, पण तो ८४२ मेगाहर्ट्झला आला.

८६६ आणि ८४२ यांच्या गुणोत्तराचा वर्ग करून परिणामी स्थिरांक (लहरीचा काही भाग हवेतून जात असल्याने पट्टीला प्रत्यक्ष जाणवणारा) ३.५२ काढला आणि त्यावरून लॅमिनेटचा स्थिरांक ४.६८ येतो, अशी नोंद केली. आकडा मोठा वाटला, पण एफआर-४ बद्दल आश्चर्य वाटून घेण्याचे दिवस मागे पडले आहेत.

२४ जून

१९ तारखेची नोंद चुकली होती, ती न खोडता इथे दुरुस्त करते. उघड्या टोकाशी विद्युतक्षेत्र पट्टी संपली तरी तिथेच थांबत नाही, ते थोडे पुढे पसरते. त्यामुळे स्टब मोजपट्टीवर असतो त्याहून जरा लांब असल्यासारखा वागतो. या पट्टीसाठी ही वाढ सुमारे ०.६३ मिमी आहे. मी ती धरलीच नव्हती. सरांनी वही चाळताना फक्त "टोकाचं काय केलंस?" एवढेच विचारले, आणि मला पुढचे ऐकावे लागले नाही.

एका स्टबवर भरवसा ठेवण्याऐवजी आज ३० मिमी आणि ६० मिमी असे दोन स्टब केले. दोघांच्या टोकाशी होणारी वाढ सारखीच असल्याने दोन मोजमापांतून ती वाढ आणि परिणामी स्थिरांक हे दोन्ही अज्ञात वेगळे काढता येतात. ३० मिमीचा खड्डा १३२१ मेगाहर्ट्झला आणि ६० मिमीचा ६६७.५ ला आला. त्यावरून टोकाची वाढ ०.६४ मिमी आणि परिणामी स्थिरांक ३.४३ मिळतो. लॅमिनेटचा स्थिरांक ४.५५ ठरतो. ४.६८ नव्हे, आणि ४.४ तर नव्हेच.

मोजणी माझ्या स्वतःच्या छोट्या नॅनोव्हीएनएवर केली. तो दीड गिगाहर्ट्झपर्यंत जातो, या कामाला तेवढा पुरतो. विभागाचा मोठा व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर आठवड्यातून एकदाच वाट्याला येतो, तो कपलरसाठी राखून ठेवला आहे.

१ जुलै

पालख्यांचा मुक्काम पुण्यात असल्याने भोसरीला जाणे शक्य नव्हते, म्हणून पहिल्या रूपाची आखणी पूर्ण केली. स्थिरांक ४.५५ धरून ५० ओहमच्या भुजा २.९८ मिमी रुंद व २३.४ मिमी लांब आणि ७०.७ ओहमच्या भुजा १.५७ मिमी रुंद व २४.० मिमी लांब येतात. मांडणी किकॅडमध्ये केली आणि परिपथाचे गणित क्यूक्समध्ये तपासले. कोपऱ्यांवर ०६०३ आकाराचे ६.२ पिकोफॅरडचे, तापमानाने फारसे न बदलणारे सीओजी कपॅसिटर ठेवले आहेत, कारण ६.२७ च्या सर्वांत जवळचे बाजारात मिळणारे मूल्य तेच आहे. प्रत्येक कपॅसिटरशेजारी ०.६ मिमी व्यासाचे एक भोक पाडून ते खालच्या जमिनीला जोडले. फाइल कारखान्याला पाठवली आणि या बोर्डावर हिरवा सोल्डर मास्क नको, हे दोनदा लिहिले.

११ जुलै

बोर्ड आले. मास्क नाही, हे पाहून बरे वाटले. प्रयोगशाळेतल्या काकांनी चारही एसएमए कनेक्टर कडेला इतक्या नीट झाळले की भिंगाखालीही सांध्यात फट दिसली नाही.

चार द्वारांचा भाग दोन द्वारांच्या यंत्रावर मोजणे म्हणजे चिकाटीचे काम आहे. जी दोन द्वारे मोजायची नसतील त्यांवर ५० ओहमचे लोड लावायचे, मोजायचे, मग जोडी बदलायची. अशा सहा जोड्या होतात. केबलच्या टोकापाशी शॉर्ट, ओपन, लोड आणि थ्रू यांनी कॅलिब्रेशन करून घेतले आणि त्यानंतर केबल शक्यतो हलू दिली नाही. सहा फाइली पायथनमध्ये सायकिट-आरएफने एकत्र जोडल्या.

कपलर उत्तम चालतो, पण भलत्याच ठिकाणी. शक्तीची समान विभागणी, ९० अंशांचे कलांतर आणि विलगता (चौथ्या, नको असलेल्या द्वाराकडे शक्ती किती कमी गळते ते; आकडा मोठा तितका चांगला) हे तिन्ही गुण ८१० मेगाहर्ट्झच्या आसपास एकत्र येतात. ८६६ ला विलगता जेमतेम दहा डेसिबल आहे.

१२ जुलै

कारण सापडले, आणि ते १ जुलैच्या नोंदीतच लिहिलेले आहे : "प्रत्येक कपॅसिटरशेजारी एक भोक". १.६ मिमी खोलीच्या आणि ०.६ मिमी व्यासाच्या भोकाला गोल्डफार्ब आणि पुसेल यांच्या सूत्राने ०.३६ नॅनोहेन्री प्रेरकत्व असते. चिपचे स्वतःचे साधारण ०.६ धरले तर कोपऱ्यातला कपॅसिटर जमिनीला टेकण्यापूर्वी जवळजवळ एका नॅनोहेन्रीतून जातो. ८६६ ला त्याचा रोध ५.४ ओहम होतो. ६.२७ पिकोफॅरडचा रोध २९.३ ओहम असतो, आणि प्रेरकत्वाचा रोध त्यातून वजा होत असल्याने परिपथाला कपॅसिटर तेवीस टक्के मोठा भासतो. हे सगळे समीकरणात घातल्यावर केंद्र ८१२ ला येते. काल मोजलेले ८१० आणि आजचे ८१२ शेजारी शेजारी लिहिताना जो आनंद झाला, तो कपलर पहिल्या फटक्यात बरोबर आला असता तर झाला नसता.

उलटे गणित केले तर लागणारे मूल्य ५.३ पिकोफॅरड येते. हाताशी ५.१ चे होते. चारही कोपऱ्यांवरचे ६.२ उतरवून ५.१ लावले. केंद्र ८७५ ला गेले. ८६६ ला विलगता २२ डेसिबल, कलांतर ९१ अंश आणि दोन्ही वाटांनी मिळून होणारा ऱ्हास ०.३५ डेसिबल. हा आकडा कामाला पुरेसा आहे.

१६ जुलै

आज काहीही बनवले नाही, नुसता विचार केला आणि तोच या महिन्याचा सर्वांत उपयोगी दिवस ठरला.

आपला पट्टा २ मेगाहर्ट्झ रुंद आहे. ब्रँच-लाइन कपलर त्याच्या कितीतरी पट रुंद पट्ट्यात चालतो, त्यामुळे लहान केल्यावर बँडविड्थ घटते या नेहमीच्या तक्रारीकडे आम्ही दुर्लक्ष केले होते. पण बँडविड्थ संकेतासाठी लागत नसून आपल्या अज्ञानासाठी लागते. लॅमिनेटचा स्थिरांक ४.४ च्या जागी ४.५५ निघाला की नेहमीच्या कपलरचे केंद्र सुमारे १३ मेगाहर्ट्झने खाली घसरते, म्हणजे सगळ्या पट्ट्याच्या सहापट.

आता चिप कपॅसिटरच्या रूपाचे पाहू. त्यात स्थिरांक वाढला तर भुजांची विद्युत लांबी वाढते, पण त्याच वेळी भुजांचा इंपीडन्स कमी होतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. कोपऱ्यातला कपॅसिटर लॅमिनेटवर अवलंबूनच नाही. तोच ४.४ ते ४.५५ चा बदल इथे केंद्राला जेमतेम अडीच मेगाहर्ट्झने हलवतो. लहान कपलर मोठ्यापेक्षा बोर्डाच्या बाबतीत अधिक सहनशील आहे, हे मला अपेक्षित नव्हते.

पण फुकट काही मिळालेले नाही. अनिश्चितता बोर्डातून निघून कपॅसिटरमध्ये जाऊन बसली आहे. ५.१ पिकोफॅरडचा नेहमी मिळणारा सी दर्जाचा भाग ०.२५ पिकोफॅरड इकडे-तिकडे असू शकतो. चारही कपॅसिटर एकाच बाजूला झुकले तर केंद्र सुमारे १७ मेगाहर्ट्झने हलते. ०.१ पिकोफॅरडच्या बी दर्जाचे भाग घेतले तर हाच आकडा ७ वर येतो. म्हणजे पहिल्या रूपासाठी महाग लॅमिनेट नको, पण कपॅसिटर मात्र बी दर्जाचेच हवेत, आणि खरेदीच्या यादीत हे ठळक लिहावे लागेल. नाहीतर "सारखेच आहेत हो" म्हणून कोणीतरी स्वस्तातले आणून ठेवेल.

२३ जुलै

दुसऱ्या रूपाला हात घातला. ६० अंशांच्या भुजा, त्यांतल्या दोन ५७.७ ओहमच्या, २.३३ मिमी रुंद आणि ३१.५ मिमी लांब. उरलेल्या दोन ४०.८ ओहमच्या, ४.१३ मिमी रुंद आणि ३०.७ मिमी लांब. चौकोनाच्या पोटात २८.४ बाय २७.४ मिमी जागा उरते. ती चौघांत वाटली की प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला १४.२ बाय १३.७ मिमीची खोली येते.

४.४४ पिकोफॅरड सपाट पट्टीच्या साध्या सूत्राने काढले तर फार तांबे लागते, पण स्टबची लांबी विद्युतदृष्ट्या नगण्य नसल्याने त्याचा परिणाम स्पर्शज्येने वाढतो, आणि हा वितरित परिणाम इथे आपल्या बाजूने आहे. १० मिमी रुंद स्टबला सुमारे २१.४ ओहमचा इंपीडन्स असतो आणि टोकाची वाढ वजा जाता १२.७ मिमी लांबी पुरते. खोलीत तो बसतो. समोरासमोरच्या दोन स्टबच्या टोकांमध्ये जवळजवळ दोन मिमी फट उरते.

३० जुलै

ओपनईएमएसमध्ये संपूर्ण क्षेत्राचे अनुकरण चालवले. जाळी आखण्यात दोन दिवस गेले. तांब्याच्या कडेवर जाळीची रेघ नेमकी कुठे पडते, यावर उत्तर अवलंबून असते. कडेच्या एक तृतीयांश आत आणि दोन तृतीयांश बाहेर अशी रेघा ठेवल्यावर निकाल स्थिरावला. लॅमिनेटच्या जाडीत चार थर ठेवले.

परिपथाच्या गणिताने ८६६ सांगितले होते, आणि क्षेत्राच्या गणिताने ८४१ दिले. फरकाची तीन कारणे दिसतात. समोरासमोरच्या स्टबच्या टोकांतली फट स्वतःच एक छोटा कपॅसिटर आहे, स्टबची कड शेजारच्या भुजेशी जोडली जाते, आणि स्टब कोपऱ्याला ज्या अरुंद मानेने चिकटतो ती मान १२ जुलैच्या भोकासारखेच वागते, म्हणजे प्रेरकत्वामुळे कपॅसिटर मोठा भासवते. विद्युतक्षेत्राचे चित्र काढले तेव्हा दोन स्टबच्या मधली फट इतकी उजळलेली दिसली की तिथे काही घडत नाही असे मानून चाललेल्या माझ्या परिपथ-चित्राची मला कीव आली.

स्टब ११.४ मिमीपर्यंत आखूड केले. केंद्र ८६७ ला आले आणि फटही दुपटीहून रुंद झाल्याने विलगता सुधारली.

१३ ऑगस्ट

दुसऱ्या रूपाचे बोर्ड आले आणि मोजले. केंद्र ८६१ मेगाहर्ट्झ. गेले दहा दिवस पाऊस थांबलेला नाही आणि बोर्ड प्रयोगशाळेच्या उघड्या कपाटात होते. एफआर-४ हवेतली ओल शोषून घेते आणि पाण्याचा स्थिरांक ऐंशीच्या घरात असल्याने थोडीशी ओलही जाणवते. एक बोर्ड ओव्हनमध्ये ११० अंशांवर चार तास ठेवून, थंड करून पुन्हा मोजला. केंद्र ८६३ झाले. दोन मेगाहर्ट्झ पावसाचे होते आणि उरलेले तीन माझे.

१४ ऑगस्ट

गणिताने सांगितले की चारही स्टबच्या टोकांवरून पाव मिलिमीटरच्या आतबाहेर तांबे काढले की पुरे. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादी पट्टी धरून नव्या पात्याने रेघ मारली, मग झाळणीचे तापलेले टोक त्या अरुंद पट्टीवर दोन सेकंद ठेवून चिमट्याने ती सोलली. पहिल्या स्टबवर पट्टी मध्येच तुटली आणि लॅमिनेटचा वरचा थरही थोडा खरवडला गेला. दुसऱ्यापासून हात बसला. चारही झाल्यावर बाजूला पडलेले तांबे मोजले तर ते नखाच्या टोकाएवढेही नव्हते.

८६६ मेगाहर्ट्झला अंतिम मोजमाप असे आले : सरळ वाटेने ३.४२ आणि जोडलेल्या वाटेने ३.५५ डेसिबल घट, कलांतर ९०.८ अंश, विलगता २३.६ आणि परतावा-घट (प्रवेशद्वारातून परत येणारी शक्ती किती कमी आहे ते) २१.९ डेसिबल.

दोन्ही वाटांची शक्ती मिळवली तर दिलेल्या शक्तीच्या जवळपास दहा टक्के, म्हणजे ०.४७ डेसिबल, बोर्डात उष्णता होऊन जाते. तुलनेसाठी केलेल्या पूर्ण आकाराच्या कपलरमध्ये हाच आकडा ०.२९ होता. या ऱ्हासात तांब्याचा वाटा फारसा नाही. एफआर-४ वरच्या ५० ओहमच्या पट्टीत या वारंवारतेला मीटरमागे सुमारे २.६ डेसिबल परावैद्युतात आणि ०.४ तांब्यात जातात. आपण भुजा आखूड करून थोडे वाचवले, पण तेच नुकसानकारक परावैद्युत स्टबच्या पोटात भरून परत आणले. चिप कपॅसिटरच्या रूपात ते होत नाही, म्हणून ते आकाराने लहान असूनही कमी खाते.

२८ ऑगस्ट

माझा सहकारी पॅच अँटेना करत होता, तो आज कपलरला जोडला. कपलरच्या प्रवेशद्वारापाशी परावर्तन मोजले तर ते उणे २४ डेसिबल. सगळ्यांना आनंद झाला. मग वाचकाला जोडून टॅग दूर दूर नेत गेलो, तर अपेक्षेच्या निम्म्या अंतरावरच तो मुका झाला.

इथे या कपलरचा एक स्वभाव आड आला. दोन्ही बाहेरच्या द्वारांवर सारखेच परावर्तन झाले तर परतणाऱ्या लहरी प्रवेशद्वारापाशी एकमेकींना खोडतात आणि विलग द्वारापाशी एकमेकींत मिळतात. विलग द्वारावर ५० ओहमचा लोड असतो, तो सगळे निमूट गिळतो. त्यामुळे अँटेना कितीही वाईट असला तरी प्रवेशद्वारापाशी सर्व काही आलबेल दिसते.

लोड काढून तिथे यंत्राची केबल लावली. प्रवेशद्वारापासून विलग द्वारापर्यंत उणे ६.१ डेसिबल. म्हणजे दिलेल्या शक्तीपैकी जवळजवळ चोवीस टक्के त्या लोडमध्ये जात होते. खरे तर वाचक सुरू असताना तो लोड बोटाला कोमट लागत होता आणि मी ते लक्षात घेतले नव्हते. परतीच्या वाटेवर टॅगच्या क्षीण उत्तराचेही असेच नुकसान होते.

अँटेना एकटा मोजला तेव्हा तो ८५३ मेगाहर्ट्झला जुळत होता. त्याची आखणी एप्रिलमध्ये झाली होती आणि तिच्यात परावैद्युत स्थिरांक ४.४ धरला होता.

२ सप्टेंबर

सहकाऱ्याने ४.५५ धरून अँटेना पुन्हा आखला. त्याला मी २४ जूनची नोंद दाखवली होती का, असे त्याने विचारले. दाखवली नव्हती. या वहीची एक प्रत सामायिक फोल्डरमध्ये ठेवायला आजपासून सुरुवात केली आहे.

कोणते रूप पुढे न्यायचे यावर सरांशी तासभर चर्चा झाली. माझा कल चिप कपॅसिटरकडे होता, कारण ते लहान आहे, कमी खाते आणि लॅमिनेटवर फार अवलंबून नाही. सरांचे म्हणणे असे की वाचक शेकड्यांनी बनणार आहेत, बी दर्जाचे कपॅसिटर दरवेळी मिळतीलच असे नाही, आणि स्टबच्या रूपात जो काही फरक पडेल तो त्या खेपेच्या सगळ्या बोर्डांत सारखाच पडेल. एका खेपेचा सारखा फरक एकदा मोजून दुरुस्त करता येतो, पण प्रत्येक बोर्डाचा वेगळा फरक दुरुस्त करता येत नाही. मला हे पटले, जरी ०.४७ डेसिबल अजूनही सलतात. ४५ मिमीच्या जागेत दोन्ही रूपे बसतात, त्यामुळे आकाराचा मुद्दा इथे निर्णायक नव्हता. स्टबचेच रूप पुढे न्यायचे ठरले.

२० सप्टेंबर

गणपतीत कारखाना बंद होता. विसर्जनानंतर पंधरा बोर्डांची पहिली खेप काल संध्याकाळी आली. यावेळी प्रत्येक पत्र्याच्या कडेला, जो भाग एरवी कापून टाकला जातो तिथे, ६० मिमीचा एक स्टब आखून घेतला होता. त्याला सरळ पट्टी आणि दोन कनेक्टरच्या जागा आहेत, बाकी काही नाही.

दोन पत्रे आहेत. पहिल्या पत्र्यावरच्या स्टबचा खड्डा ६६७ मेगाहर्ट्झला आला, जूनपेक्षा अर्ध्या मेगाहर्ट्झचाच फरक. दुसऱ्या पत्र्यावरचा ६७१ ला आला. त्या पत्र्यावरच्या कपलरांची केंद्रे, जूनच्या ६६७.५ शी तुलना करता, त्याच प्रमाणात साडेचार मेगाहर्ट्झने वर असणार, असे मोजण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवले आणि मग सहा कपलर मोजले. सर्वांची केंद्रे ८७० ते ८७२ च्या दरम्यान आहेत. ८६६ ला सर्वांत वाईट विलगता २१ डेसिबल आहे आणि आम्ही ठरवलेली मर्यादा २० आहे, म्हणून पात्याने काहीही कापायची गरज नाही.

कारखान्याला विचारल्यावर कळले की दुसरा पत्रा वेगळ्या पुरवठादाराकडचा आहे, कारण पहिला साठा संपला होता. पुढच्या मागणीच्या पत्रात दोन ओळी वाढवल्या आहेत : पत्रा बदलल्यास आधी कळवावे, आणि कडेचा स्टब कापून टाकू नये, तो बोर्डांसोबत पाठवावा. सोमवारी उरलेले नऊ मोजायचे आहेत.